सपाट डोक्याचं सहावं इंजिन

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला. "सुनंदाताई, यंदा 'माझं करिअर' असा विभाग आहे. तुम्ही लिहायचंच." मी म्हटलं, "अहो, करिअर असतं बँकवाल्यांचं. माझं गॅरेज होतं." तर म्हणाल्या, "मग गॅरेजचं लिहा, पण जरा प्रेरणादायी." आता प्रेरणा माझ्याकडे नाही. ग्रीस आहे. चालत असेल तर वाचा.

मी सांगलीची. वडिलांचं इंजिन रिपेअरिंगचं वर्कशॉप होतं. त्यांना मुलगा नव्हता म्हणून नव्हे, मला आवड होती म्हणून मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारतातच. लग्नानंतर नवऱ्याला, श्रीकांतला, सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सची नोकरी लागली आणि मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर, आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पहिल्या दोन महिन्यांत मी घरातला मिक्सर तीनदा उघडून बसवला. चौथ्यांदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा श्रीकांत म्हणाला, "तू बाहेर कुठेतरी जा बाई. मिक्सरला जगू दे."

म्हणून इंडस्ट्रियल पार्ककडे फिरायला गेले. एका शटरमधून इंजिनाचा आवाज आला आणि पाय थांबले. आत बनियन घातलेला एक चिनी म्हातारा स्टुलावर बसला होता. मी न राहवून म्हटलं, "अंकल, एक्झॉस्टचा टॅपेट ढिला आहे." त्यांनी वरपासून खालपर्यंत माझ्याकडे पाहिलं. पंजाबी ड्रेस, हातात भाजीची पिशवी. म्हणाले, "ऐकून सांगतेस की अंदाजाने?" म्हटलं, "ऐकून." त्यांनी पाना पुढे केला. झाला माझा इंटरव्ह्यू. कामाच्या परवानगीचं पत्र यायला मात्र दोन महिने लागले.

हे अंकल सेंग. त्यांचं बोलणं सिंगापुरी इंग्रजी. इथे मी ते मराठीत उतरवते आहे, पण वाक्याच्या शेपटीला लागणारा 'लाह' तेवढा ठेवते, कारण तो काढला तर अंकल उरतच नाहीत. मला ते 'मिसी' म्हणायचे. इथे जुने लोक हॉस्पिटलातल्या नर्सला मिसी म्हणतात. मी इंजिनाला कान लावून बसायची, म्हणून मिसी. माझी लेक ईशा तेव्हा शाळेत होती. ती म्हणायची, "आई, यू स्मेल लाइक पेट्रोल लाह." बरी आहेस, म्हटलं. अत्तराचं काम असतं तर अत्तराचा वास आला असता.

आता इंजिन सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अंकलकडे यायची ती कार्टची इंजिनं. कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांची ठेंगणी शर्यतीची गाडी. बसलं की बूड जमिनीपासून चार बोटांवर. बाजूला एक लहानसं इंजिन, मुळात गवत कापायच्या यंत्राचं. इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात: एक पेट्रोलची हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. नव्या इंजिनात हे दोघे वर डोक्यात बसतात. आमच्या जुन्यात ते पिस्टनच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यातच उभे असायचे, त्यामुळे डोकं म्हणजे नुसतं पातेल्यावरचं झाकण. आठ बोल्ट काढा, झाकण हातात. म्हणून त्याचं नाव फ्लॅटहेड. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "सपाट डोक्याचं? म्हणजे मठ्ठ का गं?" मठ्ठच, पण सज्जन. मार खायचं, तापायचं, कुरकुरायचं आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा धावायचं.

त्याची एक खोड होती. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला खालून उचलणारा टॅपेट यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की दांडी लांबते. ही फट आकडे कोरलेल्या पातळ पात्यांनी, म्हणजे फिलर गेजने, मोजतात, थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नव्या इंजिनात फट कमीजास्त करायला स्क्रू असतो: चुकलं, फिरवा परत. फ्लॅटहेडला स्क्रू नाही. दांडीचं टोक ग्राइंडरवर घासायचं, बसवायचं, फट मोजायची, काढायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासलं गेलं तर लोखंड परत येत नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर बटाटा टाकता येतो. इथे बटाटा नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायची.

आमची वाटणी ठरलेली. मी मोजायचं, अंकलनी घासायचं. मोजताना मी आकडे मोठ्याने बोलायची, आणि तेही मराठीत, वडिलांसारखे. चार, पाच, साडेपाच. मग अंकलना इंग्रजीत सांगायची. आपल्या आकड्यांत मोजलं की माझा हात चुकत नाही, इंग्रजीत मोजलं की शंका येते.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक दातांची डॉक्टर होती, डॉक्टर लिम. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायची आणि रविवारी शर्यतीत पुरुषांना कडेला दाबायची. इंजिनात वाकून बघताना मान दुखते म्हणाली, आणि पुढच्या वेळी दात तपासायचा तो छोटा आरसा घेऊन आली. तेव्हापासून व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती बैठक आम्ही त्या आरशातच बघू लागलो. दुसरे आमचे बापटसाहेब. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे, दोन्ही गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत सांगणारे. खंडेनवमीला आम्ही ट्रॅकवरच्या आमच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा करायचो. मी लिटल इंडियातून झेंडू आणायची, अंकल त्यांच्या उदबत्त्या लावायचे. एका वर्षी बापटांनी हौसेने नारळ थेट स्वतःच्या गाडीवर फोडला. करवंटीचा तुकडा चेनमध्ये गेला आणि गाडी ट्रॅकच्या पहिल्या वळणावर प्रसाद वाटत थांबली. मी कपाळावर हात मारला. अंकलनी शांतपणे विचारलं, "मिसी, हे तुमच्या देवाने सांगितलं की याने स्वतःच ठरवलं?"

मग नवी इंजिनं आली, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेली. उगाच नावं ठेवणार नाही. ताकद जास्त, ताप कमी, दर दोन शर्यतींनी उघडायची कटकट नाही. जुरोंग ईस्टच्याही पलीकडे आमचा ट्रॅक होता. तिथे आमच्या शेजारीच नव्या इंजिनवाल्यांनी चकाचक शेड टाकलं. मी दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. कारण काय विचाराल तर इंजिन! ते बिचारे रोज गुड मॉर्निंग म्हणायचे आणि मी टॅपेट बघायची. हळूहळू आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली. फ्लॅटहेडचे सुटे भाग मिळेनात. एके काळी आमच्या वर्गाच्या, म्हणजे फ्लॅटहेडवाल्यांच्या, शर्यतीत गाड्या उभ्या करायला जागा पुरायची नाही. आता सुरुवातीच्या पांढऱ्या रेघांमधली जागा चतकोरच भरत होती.

शेवटी शर्यती भरवणाऱ्या क्लबने कळवलं की या हंगामानंतर फ्लॅटहेडचा वर्ग बंद. कळवायला क्लबचे सेक्रेटरी मिस्टर गोपाल स्वतः आले. निवृत्त मास्तर, तमिळ, नियमपुस्तक खिशात. म्हणाले, "शेवटची शर्यत ठेवतो. पण नियम तो नियम. सहा गाड्या उभ्या राहिल्या तर शर्यत होईल. पाच असतील तर होणार नाही. मग मी फळ्यावर नोटीस लावीन."

अंकल एवढंच म्हणाले, "बंद करा, चालेल. पण शर्यतीचा झेंडा पडून बंद व्हायला पाहिजे, लाह. नोटीस लावून नको." आयुष्याची वीस वर्षं त्यांनी या इंजिनांत घातली होती. नंतर चहा पिताना मला म्हणाले, "मिसी, सहा." मी म्हटलं, "सहा." आम्ही कामाला लागलो. दोन मेलेल्या इंजिनांचं एक जिवंत केलं. डॉक्टर लिमने नवी गाडी घेतली होती, तरी त्या दिवसापुरती ती जुन्यावर यायला तयार झाली. सहावी गाडी बापटांची.

एक कबुली देते. त्या शेवटच्या वर्षात मी अंकलवर घरी फार चिडचिड केली. मोजायचं काम माझंच होतं, पण हल्ली घासायचंही माझ्यावरच टाकायचे. "मिसी, तू कर, मी कोपी पिऊन येतो." कोपी म्हणजे इथली कॉफी. स्क्रू घट्ट करायचा झाला तरी, "मिसी, तू कर." मी श्रीकांतला म्हणायची, "म्हातारा आळशी झालाय बघ. मनातून शेड कधीच बंद केलंय त्याने."

शर्यतीचा रविवार उजाडला. दुपारी दोनला शर्यत, एक वाजता मिस्टर गोपालांची तपासणी. सकाळच्या सरावात बापटांच्या गाडीतून फाडफाड आवाज आला. झाकण काढलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. आमच्या डब्यात एक नवा व्हॉल्व्ह शिल्लक होता. एकच. त्याआधी महिनाभर आम्ही अख्खं सिंगापूर पालथं घातलं होतं, दुसरा कुठेही नव्हता.

फट नऊ ते बारा थाऊ हवी. नियमपुस्तकात साफ लिहिलेलं, बाराच्या वर गेली की गाडी बाद. मी सवयीने ग्राइंडरकडे निघाले तर अंकल उठले. "नाही. हा शेवटचा. हा मी करतो." मी म्हटलं, बरं झालं, आज तरी अंगात आलं म्हाताऱ्याच्या.

त्यांनी थोडं घासलं, मी बसवून मोजलं. चार. पुन्हा घासलं. सहा. पुन्हा. या वेळी फिलर गेजचं एक पातं फटीत अगदी हवं तसं, अडत अडत सरकलं. मी व्हॉल्व्ह काढून अंकलच्या हातात दिला आणि पात्यावरचा झिजलेला आकडा वाचायला उजेडाकडे वळले. ते ग्राइंडरच्या चाकाशी उभे होते. चाक फिरत होतं. "किती?" त्यांनी विचारलं. आकडा दिसला आणि आनंदाच्या भरात मी खणखणीत ओरडले, "नऊ!"

मागे आवाज आला, खर्रर्र.

इंग्रजीतलं 'नाऊ' म्हणजे आत्ता, कर, लाव चाकाला. एकदा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे कळेल. मी व्हॉल्व्ह त्यांच्या हातातून घेतला, बसवला, मोजलं. चौदा. लोकांच्या नाकी नऊ येतात, माझ्या तोंडी नऊ आलं आणि घात झाला.

नेमके तेव्हाच मिस्टर गोपाल दारात आले. "काय झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंकल म्हणाले, "माझा हात घसरला."

आणि मी गप्प बसले. आधीच क्लबमध्ये दोनचार जण म्हणायचे की सेंगने बाईला कामावर घेतलं तिथेच त्याचा धंदा बसला. त्यांना आयतं कोलीत कोण देणार? म्हणून मी म्हाताऱ्याला माझी चूक अंगावर घेऊ दिली. लाज वाटली, पण बोलले नाही.

मिस्टर गोपाल घड्याळ बघून गेले. मग वडील आठवले. ते म्हणायचे, "दांडी वाढत नसेल तर बैठक खाली ने." व्हॉल्व्ह ज्या गोल बैठकीवर टेकतो तिथे घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह गरागरा फिरवत राहिलं की दोन्ही झिजतात, व्हॉल्व्ह केसभर खाली बसतो आणि त्याची दांडी टॅपेटच्या तेवढीच जवळ येते. म्हणजे बटाटा होता! पण त्याचं मशीन राहिलं आंग मो किओच्या वर्कशॉपात. इथे रबरी कप लावलेली काठी आणि माझे दोन तळहात. दोन थाऊ उतरवायचे होते. वेळ तीन तास.

मी मांडी ठोकली आणि काठी ताक घुसळल्यासारखी फिरवायला लागले. वर पत्रा तापलेला. डॉक्टर लिम दर अर्ध्या तासाने आरसा घालून बैठक बघायची आणि सांगायची, "छान, डावीकडे जरा अजून," जणू मी तिच्या खुर्चीतली पेशंट. बापटसाहेब वर्तमानपत्राने वारा घालत होते. "वहिनी, चहा आणू?" म्हटलं, "आणा, आणि येताना सावकाश या." अंकल स्टुलावर बसून होते, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत, आणि रागवायलाच हवं.

अकरा वाजता मोजलं, साडेतेरा. बारा वाजता तेरा. तळहाताला फोड आले होते. साडेबाराला एक फोड फुटला, तेव्हा बापटांनी आपला रेशमी रुमाल काढून माझ्या हाताला बांधला. त्या माणसाला मी आयुष्यभर हसले. त्या एका रुमालासाठी त्याचं सगळं माफ.

एक वाजता मिस्टर गोपाल आले. सहाव्या गाडीशी वाकले. बाराचं पातं घातलं, गेलं. मग मास्तरच ते, फट त्याहून जास्त तर नाही ना बघायला तेराचं काढलं. पातं फटीपाशी आलं, अडलं, वाकलं. त्यांनी पुन्हा घातलं. पुन्हा वाकलं. ते सरळ उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पास."

सहा गाड्या पांढऱ्या रेघांमध्ये उभ्या राहिल्या. नवीन इंजिनवाले सगळे आपलं शेड सोडून भिंतीवर चढून बसले होते. सहा फ्लॅटहेड एकदम सुरू झाली तेव्हा भरड्या घशाचा एकच आवाज उठला. दहा फेऱ्या. डॉक्टर लिम पहिली आली, यात नवल नाही. बापट सहावे आले, आणि दोन्ही हात वर करून आले. नंतर म्हणतात कसे, "वहिनी, मागे कुणीच दिसेना, मला वाटलं मीच पुढे आहे!" मिस्टर गोपालांनी काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा सहाही गाड्यांसाठी हलवला, शेवटच्यासाठी जरा जास्तच.

संध्याकाळ व्हायच्या आत गाड्या ट्रकवर चढल्या. शेडमध्ये मी आणि अंकल, हत्यारं डब्यात भरत होतो. मला आता ते पोटात ठेववेना.

"अंकल, सॉरी. सकाळची चूक माझी होती. मी 'नऊ' म्हटलं आणि तुम्हाला 'नाऊ' ऐकू आलं. गोपालसमोर बोलायला हवं होतं, बोलले नाही."

अंकल खो खो हसायला लागले. "मिसी, मी हॉक्किएन बोलणारा चिनी माणूस. आमच्या भाषेत सूर जरा वर-खाली झाला की अर्थ पालटतो. तुझं नऊ कुठलं आणि इंग्रजांचं नाऊ कुठलं, मला कळणार नाही? एक, दोन, तीन, चार, पाच, साहा, सात, आठ, नऊ, दाहा. आठ वर्षं तुझ्या शेजारी बसलोय, लाह."

"मग घासलंत कशाला?"

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. त्यांनी डाव्या हाताने मनगट पकडलं, तरी थांबेनात.

"मी नऊ ऐकलं. थांबायचं हेही कळलं. हात थांबला नाही. वर्ष झालं, असंच आहे. मला वाटलं, शेवटचा एक तरी मी करावा."

म्हणजे 'माझा हात घसरला' हे त्यांनी माझ्यासाठी सांगितलेलं खोटं नव्हतंच. ते साधं खरं होतं. आणि मी वर्षभर त्यांना आळशी म्हणत होते! हजाराव्या भागापर्यंत मोजणारी मी, हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचा हात मला दिसला नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"शेजारच्या शेडवाल्यांशी मी बोललोय," अंकल म्हणाले. "सोमवारी तिकडे जा. नवीन इंजिन शिक. तुझा हात चांगला आहे, घरी बसवू नकोस."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

शंभर टक्के म्हणाले असते. सोमवारी मी गेले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. गुड मॉर्निंगला उत्तरही द्यायला लागले. परक्या देशात माझ्या हाताला इतकी वर्षं काम मिळालं, मान मिळाला, तो या एका माणसामुळे. हे मी त्यांना तेव्हा धड सांगू शकले नाही. तेव्हा मी नुसती रडले, ग्रीसच्या हातांनी तोंड पुसत, म्हणजे ध्यान काय दिसलं असेल विचारू नका.

"रडतेस कशाला?" अंकल म्हणाले. "सहा धावल्या ना?"

"धावल्या."

"झेंडा पडला ना?"

"पडला, अंकल."

"मग झालं, लाह." ते हत्यारांच्या डब्याचं झाकण लावायला लागले. ते काही खाचेत बसेना. मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि त्यांनी झाकण दाबून बसवलं.